आध्यात्मिक मार्गदर्शक व्हायचंय? मग या चुका टाळा

आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या प्रशिक्षणाला येणारे बहुतेकजण एक समजूत सोबत घेऊनच येतात: लोक आपल्यापाशी मन मोकळं करतात, म्हणजे निम्मं काम आपल्याला आधीच येतं. ही समजूत उतरवण्यात पहिलं वर्ष जातं. कॅथलिक परंपरेत मार्गदर्शन हा संस्कार नाही, त्यासाठी गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) लागत नाही. धर्मगुरू, धर्मभगिनी, संसारी माणसं, कोणीही ते करू शकतं. म्हणूनच की काय, सहा शनिवारांच्या शिबिरात ते उरकता येईल असंही अनेकांना वाटतं.

दहाव्या मिनिटाला सल्ला

ही चूक सगळे करतात आणि आपण करत नाही असं सगळ्यांना वाटतं. नमुन्यादाखल एक भेट घ्या. थोड्याफार फरकाने ती दर तुकडीत दिसते. साधिका, म्हणजे मार्गदर्शन घ्यायला आलेली बाई, चाळिशीची, शिक्षिका. म्हणते, "सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून रोझरी म्हणताना मन लागत नाही. देव लांब गेल्यासारखा वाटतो." प्रशिक्षणार्थी लगेच, "अहो, होतं असं. दिवसभराची दमणूक असते. पहाटे पंधरा मिनिटं लवकर उठून बघा. आणि स्तोत्र 23 वाचा, फार आधार मिळतो." ती मान डोलावते, आभार मानते. पुढच्या महिन्यात सांगते, "वाचलं, बरं वाटलं." तिसऱ्या महिन्यात येत नाही.

सल्ल्यात तसं वावगं काही नव्हतं. पण 'देव लांब गेल्यासारखा वाटतो' हे वाक्य घेऊन ती आली होती आणि ते तसंच परत घेऊन गेली. लांब म्हणजे किती लांब? आधी जवळ होता तेव्हा कसं कळायचं? आणि मुख्य म्हणजे, हे तिने देवाला सांगितलंय का? यातलं काहीच कोणी विचारलं नाही. कदाचित ती देवावर रागावलेली असेल. तो राग प्रार्थनेत बोलून दाखवायला तिला जागा हवी होती, मिळालं वेळापत्रक.

सल्ल्याची घाई नवी नाही. 1522 साली स्पेनमधल्या मान्रेसामध्ये इग्नेशियस लोयोला (पुढे जेझुइट संघाचा संस्थापक) पापशंकेने पार हैराण झाला होता. कबूल केलेली पापं तो पुन्हापुन्हा कबूल करायचा. त्याच्या कन्फेसरने, म्हणजे पापकबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने, शहाणपणाचा वाटणारा सल्ला दिला: अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांग. इग्नेशियसची पंचाईत अशी, की त्याला सगळीच पापं स्पष्ट दिसत होती. सल्ला वाया गेला, त्रास वाढत गेला, जीव देण्याचे विचार येऊ लागले. ऐकणाऱ्याच्या मापाने बेतलेला सल्ला सांगणाऱ्याच्या अंगाला बसतोच असं नाही.

पुढे त्यानेच 'आध्यात्मिक साधना' लिहिल्या (पोपची मान्यता मिळून त्या 1548 साली छापल्या गेल्या), आणि सुरुवातीच्या 20 सूचनांपैकी पंधराव्या सूचनेत मार्गदर्शकाला तराजूच्या काट्यासारखं मध्ये उभं राहायला सांगितलं: कुठल्याच बाजूला न झुकता, निर्माणकर्त्याला आणि माणसाला थेट एकमेकांशी बोलू द्यायचं. आपल्याकडे हे जास्तच कठीण जातं, कारण समोरचा माणूस गुरुमंत्र घ्यायलाच आलेला असतो. "फादर, तुम्हीच सांगा काय करू." हे ऐकून छाती फुगली, की काटा झुकलाच समजा.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. भेट 45 ते 60 मिनिटांची, महिन्यातून एकदा. पहिली 15 मिनिटं 'का' ने सुरू होणारा एकही प्रश्न नाही. 'का' विचारलं की माणूस स्वतःचं समर्थन करू लागतो. 'म्हणजे कसं?', 'तेव्हा देव कुठे होता असं वाटलं?', 'हे त्याला सांगितलंत?' एवढ्या तीन प्रश्नांवर पहिलं वर्ष निघतं. स्वतःला सल्ला सुचला की पायाचा अंगठा बुटात दाबायचा आणि गप्प राहायचं. हसू नका, चालतं हे.

धुऊन-इस्त्री केलेली नोंद

प्रशिक्षणातलं मुख्य हत्यार म्हणजे व्हर्बाटिम, म्हणजे संवादाची शब्दशः नोंद. भेट संपल्यावर त्याच दिवशी, आठवणीतून, फक्त 10–15 मिनिटांचा तुकडा लिहायचा. रेकॉर्डिंग नाही, साधकाचं नाव नाही, ओळख पटेल असा तपशील नाही. रकाने तीन: तो काय बोलला, मी काय बोललो, त्या क्षणी माझ्या आत काय चाललं होतं.

लोक पहिले दोन रकाने सुरेख भरतात आणि तिसरा कोरा सोडतात, किंवा तिथे 'करुणा वाटली' असं लिहितात. दर ओळीला करुणा कुणाला वाटत नसते. कंटाळा आला, घड्याळ बघितलं, तिच्या नवऱ्याचा राग आला, आपलीच आई आठवली, असं लिहा. सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकासोबत या नोंदीवर बोलणं, साधकाचं नसतं, तुमचं असतं. साधकाची 'केस' सोडवून मागायला जे येतात, त्यांचा आणि सुपरवायझरचा दोघांचाही तास फुकट जातो. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, तुमच्या आणि साधकाच्या ओळी वेगवेगळ्या रंगवा. तुमचा रंग पानाच्या एक-तृतीयांशाहून जास्त दिसला तर दुसरं काही तपासायची गरज नाही.

प्रत्येक उदासीला 'डेसोलेशन' म्हणणं

इग्नेशियसची शब्दावली हाती आली की सहा महिने दुसरं काही दिसत नाही. बदली झाली म्हणून खट्टू झालेला माणूस डेसोलेशनमध्ये, थायरॉइडची गोळी चुकलेली बाई डेसोलेशनमध्ये. मनातल्या हालचाली पारखण्याच्या त्याच्या नियमांत सांत्वन म्हणजे बरं वाटणं नव्हे आणि डेसोलेशन म्हणजे वाईट वाटणं नव्हे. दिशा बघायची असते: श्रद्धा, आशा, प्रेम वाढतंय (सांत्वन) की आटतंय (डेसोलेशन)? देवाच्या प्रेमाने आपल्या पापांसाठी रडणाऱ्याचे अश्रू तो सांत्वनातच धरतो.

याहून घातक म्हणजे 'काळोखी रात्र' (देव प्रार्थनेतली गोडी काढून घेऊन माणसाला शुद्ध करतो ती अवस्था) हा शिक्का. प्रार्थनेत रस नाही, झोप नाही, रडू येतं, की नवशिका मार्गदर्शक गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "ही तुमची काळोखी रात्र आहे." क्रूसाच्या संत योहानाने यासाठी तीन खुणा दिल्या आहेत आणि तिन्ही एकत्र लागतात. पहिली, देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगातल्या गोष्टींतही नाही. दुसरी, मन देवाकडेच लागलेलं असतं आणि आपण त्याची सेवा करत नाही, मागे पडतोय, अशी टोचणी असते. तिसरी, पूर्वीसारखं कल्पनेने, विचाराने ध्यान करताच येत नाही. दुसऱ्या खुणेबद्दल बोलताना तो बजावतो, की नुसती विषण्णता असेल तर सगळ्याचाच वीट येतो आणि देवाच्या सेवेची ती तळमळ नसते. सोळाव्या शतकातल्या माणसाला हा फरक कळत होता. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, औषधं आहेत, तरी शिक्के मारले जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी झोप, भूक, कामातलं लक्ष, आवडीच्या गोष्टींतला रस विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे सगळं बिघडलेलं असेल तर डॉक्टरकडे पाठवा, आणि भेटी बंद करू नका. दोन्ही शेजारी-शेजारी चालू शकतं. जीव नकोसा झाल्याचा सूर लागला तर थेट विचारा, "आत्महत्येचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत, न विचारल्याने माणूस एकटा पडतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या विश्वासातल्या माणसाला बोलावून घ्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवलेला असावा. आणि 'श्रद्धा कमी पडते म्हणून गोळ्या लागतात' असं वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याने साधक भेटणं त्या दिवसापासून थांबवावं.

इग्नेशियसच्या नियमांतला पाचवा नियम: डेसोलेशनमध्ये असताना, आधी घेतलेला निर्णय बदलू नये. नियम उत्तम आहे, पण अर्धवट पाठ केला की विष होतो. नवऱ्याचा मार खाणारी बाई म्हणते, "घर सोडावंसं वाटतं," आणि मार्गदर्शक नियम ऐकवतो! तो नियम सांत्वनात, प्रार्थनापूर्वक ठरवलेल्या चांगल्या संकल्पाबद्दल आहे. धोक्यातून बाहेर पडायला कुठलाही नियम आड येत नाही. सोळाव्या शतकातल्याच आविलाच्या संत तेरेजाला अर्धवट शिकलेल्या कन्फेसरांनी आपलं नुकसान केलं असं उगीच वाटत नव्हतं. पुढे तर तिला होणारे दृष्टांत सैतानाचे ठरवून, दृष्टांत दिसताच वाकुली दाखवायचा हुकूम तिला दिला गेला, आणि काळजावर दगड ठेवून तिने तो पाळला.

गुप्ततेचा घोळ

कुमसार, म्हणजे पापकबुलीचा संस्कार, वेगळा, मार्गदर्शन वेगळं. कुमसाराच्या गुप्ततेची मोहर अभेद्य आहे, तिला अपवाद नाही. मार्गदर्शनातली गुप्तता कडक असते, पण ती संस्काराची मोहर नव्हे, आणि धर्मगुरू नसलेल्या मार्गदर्शकाला तर ती मोहर लागूच होत नाही. तरी पहिल्या भेटीत "इथलं काहीही, कधीही बाहेर जाणार नाही" असं वचन देणारे असंख्य. मग एखादा साधक अल्पवयीन मुलीवर होत असलेल्या अत्याचाराबद्दल बोलतो. पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दिलेलं वचन मोडण्यापेक्षा ते न देणं बरं. पहिल्या भेटीतच तीन अपवाद सांगा: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलांवरचा अत्याचार. सुपरव्हिजनमध्ये नाव न घेता बोलतो, हेही सांगून टाका.

सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) किंवा मठात काम करणाऱ्यांनी आणखी एक गाठ बांधून ठेवावी. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन 240 प्रमाणे, विद्यार्थ्याला दीक्षा द्यायची की काढून टाकायचं हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं मत कधीही विचारता येत नाही. रेक्टरने (सेमिनरीच्या प्रमुखाने) जेवणाच्या टेबलावर "तो मुलगा कसा आहे हो?" असं सहज विचारलं, तर "आमटी छान झालीय" हे योग्य उत्तर. 'चांगला आहे' हेही नको. पुढच्या मुलाच्या वेळी तुम्ही गप्प राहिलात की त्याचा अर्थ लावला जातो.

बारीकसारीक, पण रोजच्या

स्वतःचा मार्गदर्शक नसताना दुसऱ्याला मार्गदर्शन करणं: पोहायला न येणाऱ्याने काठावरून सूचना देण्यासारखं. महिन्याची भेट चुकली तर प्रशिक्षणही थांबवा.

नातेवाईक, हाताखालचे लोक, आपल्याच शाळेतले शिक्षक यांना साधक म्हणून घेऊ नका.

रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर 'एक छोटासा प्रश्न'. उत्तर: पुढच्या भेटीत बोलू.

साधकाला रडू आलं की लगेच "चला, प्रार्थना करू या" म्हणणं. ती प्रार्थना बहुतेकदा तुमच्या अस्वस्थतेवरचा उतारा असते.

'आध्यात्मिक साधनां'मधल्या दुसऱ्या आठवड्याचे (म्हणजे दुसऱ्या टप्प्याचे) विवेकाचे नियम पहिल्याच महिन्यात शिकवणं. ते चांगल्याच्या रूपाने येणाऱ्या मोहासाठी आहेत. जो अजून उघड मोहाशीच झगडतोय त्याला त्यांनी अपायच होतो, हे नवव्या सूचनेत स्वच्छ लिहिलंय. पण नवशिक्यांना सूचना वाचायला वेळ नसतो, नियम शिकवायला असतो.

आणि भाषा. अभ्यासक्रम बहुधा इंग्रजीत चालतो, साधक मात्र वसईच्या सामवेदीत किंवा वाडवळीत बोलतो, गोव्यात कोंकणीत. मग व्हर्बाटिम इंग्रजीत लिहिताना "माझा जीव रमत नाही" याचं 'आय अ‍ॅम डिस्ट्रॅक्टेड' होतं, आणि ज्या शब्दापाशी थांबायला हवं होतं तोच शब्द कागदावरून नाहीसा होतो. साधक ज्या बोलीत बोलला त्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत लिहा, व्याकरण न सुधारता. सुपरवायझरला ती बोली कळत नसेल तर वाक्य वाचून दाखवा आणि तोंडी उलगडून सांगा. यात दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यात.