डबा उडवायचा, पण फटाक्याविना

इंदूरला आमच्या वाड्यात दिवाळीत सुतळी बॉम्बवर पत्र्याचा डबा पालथा घालत. थोरली मुलं काठाभोवती ओली माती लिंपायची, म्हणजे डबा जास्त उंच जायचा. कारण साधं आहे. दारू जळून क्षणात खूप गॅस होतो आणि तो डब्याच्या बुडाला वर ढकलतो. काठाखाली फट असली की तो तिथून निसटतो आणि जोर वाया जातो. एका वर्षी पत्रा फाटला आणि चुलतभावाच्या भुवईला टाके पडले. माझ्या मुलांना मी तोच खेळ सायकलच्या पंपाने शिकवला, आणि खरं सांगतो, त्यात शिकायला जास्त मिळतं.

कोल्ड्रिंकची एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. चीर गेलेली नको, काचेची तर मुळीच नको. तोंडात घट्ट बसेल असं रबरी बूच प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई त्यातून आरपार घाला. बूच जाड असेल तर वरून थोडं कापा, नाहीतर सुईचं टोक आतच राहतं आणि हवा जात नाही. पंपाची नळी लांब हवी.

बाटलीत एक तृतीयांश पाणी भरा, बूच दाबून बसवा आणि तीन विटांच्या आधाराने बाटली उलटी उभी करा. गच्ची नको, मोकळं मैदान हवं. अन्नपूर्णा रोडकडे राहणाऱ्यांना दसरा मैदान जवळ आहे. डोळ्यांवर चष्मा लावा, बाकीच्यांना दहा पावलं मागे उभं करा, मग पंप मारा. बाटली उडाली नाही तरी वाकून बघायचं नाही. आधी नळी पंपापासून सोडवून हवा जाऊ द्या.

आत बाहेरपेक्षा दोन वातावरणं (म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट) जास्त दाब झाला, तर सव्वादोन सेंटिमीटरच्या तोंडावर सुमारे आठ किलो वजनाइतका जोर येतो. तेवढ्याने बूच सुटतं. दाबलेली हवा पाणी खाली फेकते आणि बाटली वर जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम. नुसती हवा भरली तर खाली फेकायला फारसं वजनच नसतं, आणि काठोकाठ पाणी भरलं तर दाबायला हवा उरत नाही.

आता उंची. बूच सुटल्यापासून बाटली जमिनीला टेकेपर्यंतचे सेकंद मोजा, त्यांचा वर्ग करा आणि १.२२५ ने गुणा. ३ सेकंद लागले तर ११ मीटर, म्हणजे तीन मजल्यांहून थोडं वर. निघतानाचा वेग सेकंदाला साधारण १४.७ मीटर, ताशी ५३ किलोमीटर! रिकामी बाटली हलकी असल्याने हवा तिला अडवते, म्हणून हा अंदाजच समजा.

घड्याळ हाताने दाबू नका. ३ च्या जागी ३.२ सेकंद धरले की उत्तर थेट साडेबारा मीटर येतं. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. पाणी पाव, तृतीयांश, अर्धं असं बदलून प्रत्येक वेळी तीनदा उडवा आणि आकडे वहीत लिहा. बूच मात्र प्रत्येक वेळी सारखंच दाबून बसवा. ते सैल-घट्ट झालं की दाब बदलतो आणि मग फरक पाण्याचा की बुचाचा, हे सांगता येत नाही.