हायपरसॉनिकमध्ये यायचंय? आधी कागदावर हिशोब करा

हायपरसॉनिक म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेग. एरोस्पेसची नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, आपलं मिसाईल किती मॅकचं?" मी सांगतो, ते राहू दे, कागद घे.

३० किलोमीटर उंचीवर मॅक ६, म्हणजे ध्वनीच्या सहापट वेग, म्हणजेच सेकंदाला सुमारे १.८ किलोमीटर. १००० किलोमीटरवरची युद्धनौका गाठायला नऊ-सव्वानऊ मिनिटं. ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या क्रूझ मिसाईलला तासाच्या वर लागतो. ३० नॉटने पळणारी नौका तेवढ्यात साठेक किलोमीटर सरकते, नऊ मिनिटांत मात्र जेमतेम साडेआठ. शोधायचं क्षेत्र जवळजवळ पन्नास पटींनी आकसलं. या मिसाईलचं लष्करी मोल मुख्यतः इथे आहे: हलतं किंवा थोडाच वेळ दिसणारं लक्ष्य.

आता उलट बाजू. लाटांना चिकटून येणारं संथ मिसाईल जहाजाच्या रडारला तीसेक किलोमीटरवर दिसतं, म्हणजे हाताशी दोन-सव्वादोन मिनिटं. ३० किलोमीटर उंचीवरचं मात्र तत्त्वतः ७०० किलोमीटरवरच क्षितिजाच्या वर येतं, म्हणजे साडेसहा मिनिटं. वेग जास्त म्हणजे पूर्वसूचना कमी, हे दरवेळी खरं नाही. टीव्हीवरच्या चर्चांत हे कुणी सांगत नाही. तिथे रशियाची किंझाल आणि झिरकॉनही एकाच माळेत ओवतात. किंझाल विमानातून सुटणारं बॅलिस्टिक, झिरकॉन स्क्रॅमजेटवर (आतली हवा ध्वनीपेक्षा वेगात वाहत असतानाच इंधन जाळणारं इंजिन) चालणारं क्रूझ.

खरी डोकेदुखी उष्णतेची. बाहेर उणे ४७ अंश असले तरी मॅक ६ ला हवा थांबवली, तर आदर्श वायूच्या सूत्राने तापमान १५८० अंशांच्या आसपास येतं. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. शिवाय स्क्रॅमजेटच्या ज्वलनकक्षातून हवा साधारण एका मिलिसेकंदात निघून जाते. तेवढ्यात इंधन मिसळायचं, पेटवायचं, जाळायचं. म्हणून मी मॅकपेक्षा सेकंद मोजतो. सप्टेंबर २०२० च्या उड्डाणात डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या चाचणी-यानाचं स्क्रॅमजेट २० सेकंदांहून थोडं जास्त चाललं, मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या एक्स-५१ए या चाचणी-यानाचं दोनशेच्या पुढे गेलं. एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओच्याच हैदराबादच्या डीआरडीएल या प्रयोगशाळेने भिंती थंड राखणारा छोट्या मापाचा ज्वलनकक्ष जमिनीवर १००० सेकंदांहून जास्त चालवला. मला ही बातमी कुठल्याही प्रक्षेपणापेक्षा मोठी वाटली.

त्यामुळे कॉम्प्रेसिबल फ्लोच्या (वेगात दाबल्या जाणाऱ्या हवेच्या प्रवाहाचा विषय) जोडीला हीट ट्रान्सफर आणि ज्वलनाचं रसायन पक्कं करा. आमच्या वर्गात हे दोन्ही विषय ऑप्शनला टाकायची रीत होती, आणि पुढे प्रोजेक्टला सगळे तिथेच अडकले. सीएफडी, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित, शिकाच, पण रंगीत चित्रांवर भाळू नका. एकदा तरी शॉक टनेलवर (अतिवेगवान हवेचा क्षणभराचा झोत देणारी प्रयोगनळी) काम करा, आयआयएससी किंवा आयआयटी मुंबईत संधी मिळाली तर सोडू नका. दिवसभर मॉडेल बसवायचं, सेन्सर तपासायचे, धडाक्यात फुटणारा पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, लावायचा. मग एक धडाका आणि हाती येतो काही मिलिसेकंदांचा डेटा. तोही कधी नुसता गोंगाट. ज्याला हे आवडतं तो या क्षेत्रात टिकतो.

नोकरीचं म्हणाल तर डीआरडीओत 'सायंटिस्ट बी' या सुरुवातीच्या शास्त्रज्ञपदासाठी गेट परीक्षेचा स्कोअर लागतो. एमएससाठी अमेरिकेला निघालेल्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी: तिथल्या क्षेपणास्त्र प्रकल्पांची दारं परदेशी नागरिकांना जवळपास बंदच असतात. पदवी हायपरसॉनिकची आणि नोकरी गॅस टर्बाइनची, असे माझे बरेच मित्र आहेत. पगार उत्तम आहे त्यांचा.