गोल्फला निघण्याआधी गॉगल फरशीवर तपासा

लातूरहून पुण्याला गोल्फ खेळायला जायचं ठरलं की बॅग भरण्याच्या पंधरा दिवस आधी गॉगलचं बघा. टी (चेंडू ठेवायची खुंटी), हातमोजा, टोपी हे ऐनवेळी कुणाकडून मागून भागतं. गॉगलचं तसं नाही, त्याला डोळे रुळावे लागतात. मी पहिल्यांदा येरवड्याच्या मैदानावर गेलो तो कानापर्यंत वळलेला, दिसायला एकदम झकास गॉगल लावून. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) फिरवला तर चेंडूच्या डोक्याला नुसता घासला, चेंडू दहा पावलं घरंगळला. तीन होल (चेंडू खड्ड्यात घालायचे टप्पे) हेच चाललं. शेवटी कॅडी (काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस) म्हणाला, "साहेब, चष्मा काढून मारा की एकदा." काढला, तर चेंडू बोटभर सरकल्यासारखा वाटला. सरकला काही नव्हता, इतका वेळ मीच त्याला भलत्या जागी बघत होतो.

वळणदार गॉगलची काच डोळ्यापुढं तिरकी बसते. तिरक्या काचेतून प्रकाश थोडा वळून येतो आणि वस्तू आहे त्या जागेपासून किंचित हललेली दिसते. चांगले कारागीर हे भरून काढायला काचेची जाडी मध्यापासून कडेकडं कमी करत नेतात. स्वस्तातल्या गॉगलला हे लाड नसतात, रंगीत प्लास्टिकचा पत्रा वाकवून बसवला की झालं. बाजारात हिंडताना त्यानं काही बिघडत नाही. पण गोल्फचा चेंडू जेमतेम ४२.६७ मिलिमीटरचा, तिथं बोटभर फरक म्हणजे सगळंच गेलं.

म्हणून दुकानात आरशापुढं जायचं ते शेवटी. आधी गॉगल हातभर लांब धरा, एक डोळा मिटा आणि काचेतून दाराची चौकट बघत गॉगल हळूहळू वर-खाली, डावी-उजवीकडं न्या. चौकटीची रेघ सरळच राहिली पाहिजे. ती वाकली, लहरली किंवा मध्येच तुटल्यासारखी दिसली तर गॉगल परत ठेवा, किंमत विचारूसुद्धा नका. ही परीक्षा बिननंबरी काचेची. नंबरच्या काचेतून रेघ हलणारच.

दुसरी परीक्षा घरी, आणि ती जास्त महत्त्वाची. आपल्याकडं जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, तिच्या लांब सरळ सांध्यावर चेंडू ठेवा. मारायला उभं राहतो तसे उभे राहा आणि मान फार न वाकवता नजर खाली टाका. सांधा काचेच्या खालच्या भागातून जाताना वाकतो का? गॉगल काढून परत घातला की चेंडू सांध्यावरून उडी मारल्यासारखा होतो का? दुकानात सगळे समोर बघतात, पण चेंडू मारताना आपण काच वापरतो ती खालची. तिथंच फ्रेमची जाड कड चेंडूवर आडवी येत असेल तर खालून मोकळी असलेली फ्रेम घ्या. कानावरच्या काड्या रुंद असतील तर बाजूचं दिसत नाही, त्याही बघून घ्या.

नंबर असणाऱ्यांनी इथं थांबून वाचावं. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (लांबचा आणि जवळचा नंबर एकत्र असलेल्या) काचेचा खालचा भाग वाचायसाठी, म्हणजे हातभर अंतरासाठी केलेला असतो. चेंडू पायाशी, डोळ्यापासून दीडेक मीटरवर. त्या भागातून तो धूसर दिसतो, मग माणूस मान वाकवत जातो आणि स्विंग (काठी फिरवण्याची लय) बिघडतो. खेळायला फक्त लांबच्या नंबरचा गॉगल करून घ्या. स्कोअर लिहायला जवळचा चष्मा खिशात राहू द्या. नंबर मोठा असेल तर फार वळलेल्या फ्रेमचा हट्ट सोडा. फ्रेम डोळ्यावर चढवूनच दोन बुबुळांमधलं अंतर मोजून घ्या, जुन्या चिठ्ठीवरून काच लावू देऊ नका.

रंगाचं म्हणाल तर तपकिरी किंवा तांबूस घ्या. त्यातून आभाळाचा निळेपणा दबतो, पांढरा चेंडू उठून दिसतो आणि गवतातल्या हिरव्याच्या छटा वेगळ्या होतात. करडी काच रंग खरे दाखवते, डोळ्याला शांत वाटते, पण उठाव देत नाही. मी दोन्ही घालून सोयाबीनच्या रानाच्या बांधावर उभा राहिलो होतो. वाळू लागलेली पानं तपकिरीतून आधी दिसली, माझा प्रश्न तिथंच मिटला.

पोलराइज्ड (परावर्तित चकाकी अडवणाऱ्या) काचेवरून वाद आहेत. पाण्यावरची तिरीप ती छान मारते, पण ग्रीनवरच्या (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या) गवताची चमकही मारते, आणि पट (चेंडू खड्ड्याकडं हलकेच ढकलायचा फटका) मारताना गवत कुठं झुकलंय ते त्या चमकेवरूनच तर कळतं. शिवाय काही अंतरमापकांचे आकडे त्यातून काळे पडतात. मी साधीच वापरतो. उन्हात आपोआप काळी होणारी काचही आपल्या उन्हाळ्यात दगा देते. ४२ अंशांत ती थंडीतल्याइतकी गडद होत नाही.

गडदपणाचे ० ते ४ असे क्रमांक असतात. भर उन्हात ३ पुरे, त्यातून ८ ते १८ टक्के उजेड येतो. ४ क्रमांक लावून गाडी चालवू नका. गडद म्हणजे सुरक्षित असं मात्र नाही. अतिनील किरण अडवत नसेल तर गडद काच उलट वाईट, तिच्यामागं डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारं) हवं. रस्त्यावरच्या गॉगलवर तसा कागद चिकटवलेला असतोच, त्यावर जाऊ नका. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत तपासायचं यंत्र असतं.

काच पॉलिकार्बोनेटची किंवा ट्रायवेक्सची (दोन्ही सहज न फुटणारी प्लास्टिकं). हा चेंडू डोळ्याच्या खोबणीत शिरेल इतका लहान आहे, त्यामुळं फुटणारी काच नकोच. दोघांत ट्रायवेक्समधून कडेला थोडं स्वच्छ दिसतं, पैसे जास्त पडतात.

मग आठवडाभर गॉगल रोज घाला. पडीक रानात चेंडू मारा, घाम येऊ द्या, खाली वाकल्यावर तो नाकावरून घसरतो का बघा. मेंदू नव्या काचेला हळूहळू सवय लावून घेतो, म्हणून खेळताना मध्येच काढ-घाल करू नका. पट मारताना काढायचा असेल तर प्रत्येक पटला काढा.

काळ्या मातीची धूळ रुमालानं कोरडी पुसली की काच ओरखडते; आधी पाण्यानं धुवा. प्रवासात गॉगल कडक डबीत घालून हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर बार्शी येईपर्यंत फ्रेम वाकायला लागेल, आणि पुण्यात उतरल्यावर परत फरशी शोधावी लागेल.