गिरणगावातली खोली आणि संप: घराचा इतिहास कसा लिहावा

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यातल्या हजारो घरांत अजून कुणाचं तरी हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी किंवा गिरणीतला एखादा फोटो सापडतो. त्यावरून घराचा इतिहास लिहायला बसणारे बहुतेक जण १९८२ च्या संपापासून सुरुवात करतात आणि तिथून मागे पुढाऱ्यांच्या भाषणांकडे जातात. आमचं सांगणं असं की आधी खोली लिहा, मग संप. संप गिरणीच्या फाटकावर सुरू व्हायचा, पण तो किती टिकेल हे खोलीतली उधारी, खानावळ आणि गावाकडचं भात ठरवायचं. हा धागा सापडला नाही तर हाती नुसत्या तारखांची यादी राहते.

गिरणी आणि खातं पक्कं करा

पहिलं काम म्हणजे माणूस कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात आणि कायम होता की बदली (म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतला जाणारा), हे ठरवणं. तिकीट नंबर, हजेरी कार्ड, पगार पावती, लाल पास, रजेचं पुस्तक, ग्रॅच्युइटीचा आदेश, प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर, यांतलं काहीही चालतं. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागत होता. तेव्हा घरात ज्याने तो अर्ज भरला असेल त्याच्याकडे कागदांचा तयार गठ्ठा असण्याची शक्यता मोठी. मात्र प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा आहे. पणजोबांनी त्याआधी गिरणी सोडली असेल तर तो नंबर शोधण्यात वेळ घालवू नका.

गिरण्यांची नावं बदलली आहेत. ई. डी. सॅसून गटाच्या गिरण्या १९४० च्या दशकात विकल्या गेल्या आणि पुढे इंडिया युनायटेडच्या नंबरांनी ओळखल्या जाऊ लागल्या. दादरची इंदू मिल म्हणजे इंडिया युनायटेडची सहा नंबर. रस्त्यांचंही तेच: डिलाईल रोड आज ना. म. जोशी मार्ग आहे. म्हणून वहीत प्रत्येक गिरणीसमोर आणि पत्त्यासमोर दोन रकाने ठेवा, तेव्हाचं नाव आणि आताचं नाव. हे न केल्याने एकच गिरणी दोनदा मोजली जाते.

खात्यांची नावं कागदावर इंग्रजी असतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी वेगळी. साचे म्हणजे माग, साचेवाला म्हणजे विणकर, त्रासन म्हणजे सूतकताईचं रिंग खातं, बाइंडिंग म्हणजे वाइंडिंग. खातं कळलं की पगाराची पद्धत कळते. विणकराला कापडाच्या हिशेबाने, म्हणजे कामाच्या मापावर पैसे मिळत. वाइंडिंग आणि रिळिंगमध्ये बहुतेक बायका असत आणि त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असे. जातही खात्यातूनच दिसते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणाईत घेत नसत, कारण धोटा, म्हणजे मागावर इकडून तिकडे सूत नेणारी नळी, भरताना सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे आणि इतर विणकर तेवढ्यावरून विटाळ मानत. जास्त मिळकतीचं खातं अशा रीतीने त्यांना बंद होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. दलित घराचा इतिहास लिहीत असाल तर हा भाग एका ओळीत उरकू नका; त्या काळातलं आंबेडकरांचं ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक वाचा आणि घरातलं कोण कोणत्या खात्यात अडकलं होतं ते त्याच्याशेजारी लिहा.

मग विचारा, गिरणीत लावलं कुणी? उत्तरात बहुधा जॉबर किंवा मुकादम येतो. काम देणं, खोली बघून देणं, अडीनडीला पैसे देणं आणि त्याबदल्यात दस्तुरी, म्हणजे लाच किंवा दलाली, घेणं, हे सगळं त्याच्याकडे असे. १९३५ मध्ये बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू होईपर्यंत रोज सकाळी फाटकावर कुणाला आत घ्यायचं हे मुख्यतः त्याच्या मर्जीवर होतं. त्याचं गाव आणि आपलं गाव एकच होतं का, ते नोंदवा. संपात त्या खात्याचे लोक कुठल्या बाजूला गेले याचा उलगडा पुष्कळदा इथे होतो.

खोलीचा नकाशा काढा

पट्टी आणि चौकटीचा कागद घ्या. एक फूट म्हणजे एक चौकोन. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या त्या बीआयटी चाळी. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, २०७ चाळी उभ्या राहिल्या: तळमजला आणि वर ३ मजले, मजल्यावर २० खोल्या, चाळीत ८०, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बाकी बहुतेक लोक खाजगी मालकांच्या चाळींत होते आणि तिथे मापाचा काही नेम नव्हता. १९३१ च्या जनगणनेत मुंबईतले सुमारे तीन चतुर्थांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

नकाशात मोरी, चूल, माळा, खिडकी, दार आणि प्रत्येकाची झोपायची जागा दाखवा. मग पाळीप्रमाणे दोन नकाशे करा, दिवसाचा आणि रात्रीचा. रात्रपाळीचा माणूस ज्या जागेवर दिवसा झोपायचा तिथेच रात्री दुसरा असायचा. गावकऱ्यांच्या खोलीत, जिथे एका गावचे किंवा वाडीचे एकटे पुरुष महिन्याला वर्गणी भरून राहत, तिथे २०-३० माणसांची नावं एका खोलीवर सापडतात. ती एकाच वेळी आत मावत नव्हती, म्हणून तो आकडा चुकीचा समजून खोडू नका. व्हरांडा, गच्ची आणि फुटपाथ हा खोलीचाच भाग होता.

पाणी किती वाजता यायचं, नळ किती खोल्यांत एक, संडास मजल्यावर किती, हे विचारा. ही माहिती आजोबांकडे कमी आणि आजीकडे जास्त असते. बाळंतपण कुठे झालं, मूल कुणाकडे ठेवून बाई कामावर जायची, बाळगोळी दिली जायची का, तेही तिलाच विचारा. बाळगोळीत अफू असे, आणि रिळिंगला जाणाऱ्या आया मूल निजून राहावं म्हणून ती देत. हा प्रश्न दोषाच्या सुरात गेला तर उत्तर मिळणार नाही. मुंबई इलाख्यात प्रसूती भत्त्याचा कायदा १९२९ साली आला. त्याआधी बाळंतपणाचे दिवस म्हणजे बिनपगारी दिवस.

घरखर्चाचा ताळेबंद मांडा

इथे घाई नको, सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. जुने पैसे आधी समजून घ्या: १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे १२ पै. पगार महिन्याचा असे आणि पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास हातात पडे. म्हणजे घर कायम दीड महिन्याच्या उधारीवर. एका महिन्याचं पान करा: डावीकडे पगार, बायकोची मिळकत, खानावळीचे पैसे, उजवीकडे भाडं, वाणी, रॉकेल-सरपण, गावाला मनीऑर्डर, व्याज, खाडे, दंड.

व्याजाचा दर महिन्याला रुपयामागे एक आणा हा सर्रास होता. म्हणजे वर्षाला ७५ टक्के. ५० रुपये कर्जावर महिन्याला ५० आणे, म्हणजे ३ रुपये २ आणे नुसतं व्याज. आता कपातीचा हिशेब त्याच्यावर ठेवा. १९२५ मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. समजा पगार ४० रुपये. कपात ४ रुपये ९ आणे ७ पै. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक महिनोन्‌महिने बाहेर का राहिले ते भाषणांशिवाय कळतं. त्या वर्षी सरकारने कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर थांबवला आणि कपात मागे घेतली गेली.

महागाई पाहायची तर सरकारच्या लेबर ऑफिसचं मासिक ‘लेबर गॅझेट’ उघडा. ते सप्टेंबर १९२१ पासून निघालं. त्यात कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ ला १०० धरून दिलेला असतो. पगार त्या निर्देशांकाने भागून १०० ने गुणा. १९१४ च्या मोलाने पगार किती हे मिळतं. घरात हंडा किंवा दागिना गहाण पडल्याची आठवण असेल तर ती या पानावर तारखेसकट टाका.

खानावळ स्वतंत्र लिहा. चाळीतल्या बायका एकट्या पुरुषांना जेवू घालत आणि पैसे पगार झाल्यावर घेत. संप लागला की कामगार तिचा देणेकरी, ती वाण्याची देणेकरी. ही साखळी नावांनिशी काढा. संपाच्या कुठल्याही बातमीत तिचं नाव नसतं, आणि तिने चूल बंद केली की संप तिसऱ्या महिन्यात कोसळू शकत होता.

संप तारखेवर बसवा

मोठे संप आधी कागदावर मांडून ठेवा: जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर सहा दिवस, १९१९, १९२०, १९२४ चा बोनसचा, १९२५ चा कपातीचा, २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर १९२८ चा, १९२९, १९३४, ७ नोव्हेंबर १९३८ चा एका दिवसाचा, १९४० चा महागाई भत्त्याचा, १८ जानेवारी १९८२ चा. घरातली आठवण यांतल्या कुठल्या संपाशी जुळते ते पाहा.

म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका. विचारा, शिमग्यानंतर की गणपतीच्या आधी? बोटी चालू होत्या का? लावणीला गावी होता का? मग जुनं पंचांग घेऊन तारीख काढा. १९२८ साठी हे प्रश्न फार कामाचे आहेत. संप एप्रिलअखेर लागला, कोकणचे लोक तसेही मे महिन्यात गावी जात, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद होत. मेमध्ये गेलेला माणूस भातलावणी करूनच परतायचा. सातारा-पुण्याकडच्या घाटावरच्या कुटुंबाला ही अडचण नव्हती, रेल्वे चालू होती. त्यामुळे दोन्हीकडची घरं संपात वेगळी वागलेली दिसतात. ज्यांना गावी जमीनच नव्हती ते मुंबईतच राहिले, आणि त्यांची उपासमार आधी सुरू झाली.

गिरणीची तारीख आणि सार्वत्रिक संपाची तारीख एक धरू नका. सॅसूनच्या गिरण्यांत विणकराला २ ऐवजी ३ साचे देण्यावरून काम आधीच बंद पडलं होतं. मे १९२८ मध्ये लाल बावट्याचं गिरणी कामगार युनियन निघालं; ना. म. जोशींचं टेक्स्टाइल लेबर युनियन त्याआधी, १९२६ चं. पावती कुठल्या युनियनची आहे हे शिक्क्यावरून वाचा, घरच्यांच्या सांगण्यावरून नको. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानंतर राष्ट्रीय मिल मजदूर संघ मान्यताप्राप्त झाला आणि मालकांशी बोलणी करण्याचा हक्क त्याच्याकडे गेला, तेव्हा पुढच्या काळातला वर्गणीदार मनाने दुसऱ्या बावट्याचा असू शकतो.

आकडा तपासायची साधी रीत अशी. १९२८ चा संप घ्या. ६ ऑक्टोबरला काम सुरू झालं, म्हणून २६ एप्रिल ते ५ ऑक्टोबर हे १६३ दिवस; त्यांतले २३ रविवार वजा करा, उरले १४०. दीड लाख कामगारांनी गुणले की २ कोटी १० लाख कामाचे दिवस. एखाद्या लेखात याच्या निम्मा किंवा दुप्पट आकडा असेल तर त्यात काहीतरी घोटाळा आहे. १८९० च्या आधीच्या काळासाठी रविवार वजा करू नका. नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलेल्या चळवळीनंतर १० जून १८९० ला आठवड्याची सुट्टी मिळाली. कामाचे तासही साल पाहून धरा: १९११ च्या कायद्याने पुरुषांना १२, १९२२ पासून ११, १९३४ च्या कायद्याने १०.

हमखास चुकतं ते

पोलिसांचे अहवाल फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात मिळतात. सभेला किती लोक होते हे त्यांत चांगलं असतं, लोक का आले हे मात्र खबऱ्याच्या समजुतीप्रमाणे. गिरणी मालक संघाच्या वार्षिक अहवालात चात्या (सूत कातायचे स्पिंडल), माग आणि कामगारांची गिरणीवार संख्या असते; ती हजेरीपटावरची आहे की रोज कामावर येणाऱ्यांची, हे तळटीपेत पाहा. ‘क्रांती’सारखं चळवळीचं साप्ताहिक मागण्या नेमक्या देतं आणि फूट पडल्याचं उशिरा देतं. एकाच दिवसाची बातमी तिन्हींकडून काढा आणि तीन रकान्यांत लिहा; जुळवून एक करायचा मोह टाळा.

बालमृत्यूचा आकडा तर जपूनच वापरा. १९२१ मध्ये मुंबईत तो हजारी साडेसहाशेच्या वर नोंदला गेला. परिस्थिती भीषण होतीच, पण त्यात एक गफलत आहे: अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे होई, आणि मूल मुंबईत आणल्यावर गेलं तर मृत्यू इकडे नोंदला जाई. शिवाय इथले कित्येक जन्म नोंदलेच जात नसत. आकडा देताना हे शेजारी लिहा, नाहीतर वाचणारा एक तर अतिशयोक्ती समजतो किंवा आयांना दोष देतो.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उडते आणि मागचा शिक्का कायमचा अडकतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फाईलला गिरणी, साल आणि नाव द्या, आणि एक संच गावच्या मंडळाकडे ठेवा. हयात माणसांचं कर्ज, दारू, किंवा संपात कामावर गेल्याची गोष्ट लिहिण्याआधी त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारा. कामावर का गेला याचं उत्तर बहुतेक वेळा ताळेबंदाच्या पानावर आधीच आलेलं असतं. ते पान त्यांना दाखवून मगच बोला.