यकृतातला बँड: उंदरांच्या रेट्रोव्हायरसवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे मोलोनी विषाणू आला, म्हणजे उंदरांत रक्तपेशींचा कर्करोग घडवणारा एक रेट्रोव्हायरस (आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवून ती पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू). नवजात पिल्लांना तो टोचायचा आणि दोन महिन्यांनी कोणकोणत्या अवयवांत पोचलाय ते पीसीआरनं, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या लाखो प्रती काढून, बघायचं; डीएनए असेल तर जेलवर पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. थायमस, प्लीहा, अस्थिमज्जा, यकृत, सगळीकडे बँड! "सर, यकृतालाही लागण झालीय," मी धावत सांगितलं. सरांनी दोनच गोष्टी विचारल्या. अवयव काढण्याआधी रक्त धुतलंस का? न टोचलेल्या भावंडाचा डीएनए लावलास का? दोन्ही केलं नव्हतं.

भावंडाचा डीएनए लावला, तर तिथेही बँड. उंदराच्या जनुकसंचातच अशा विषाणूंचे जुने अवशेष विखुरलेले असतात, आणि माझे प्रायमर (पीसीआरला कुठला तुकडा वाढवायचा ते दाखवणारे छोटे डीएनए) त्यांनाही चिकटत होते. मोलोनीपुरते प्रायमर बनवले, सलाइन सोडून रक्त धुतलं, तेव्हा यकृतातला बँड अगदी फिका झाला. काप रंगवल्यावर उरलेला विषाणू वाहिन्यांतल्या रक्तपेशींत दिसला, यकृतपेशींत नाही. त्याला कारण आहे. हा विषाणू पेशीत शिरतो तो सीएटी-१ या प्रथिनातून, ज्याचं रोजचं काम आर्जिनीन आणि लायसिन आत घेणं. प्रौढ यकृतपेशींत ते जवळजवळ नसतंच. शिवाय पेशी विभागत नसेल तर विषाणूचा डीएनए केंद्रकात जाऊ शकत नाही, आणि प्रौढ यकृतपेशी क्वचितच विभागतात. म्हणून "अवयवात सापडला" असं लिहिण्याआधी कोणत्या पेशीत, ते बघा.

मला सर्वांत भावलेला भाग मात्र पुढचा. फ्रेंड हा उंदरांचा आणखी एक रेट्रोव्हायरसही याच दारातून, म्हणजे सीएटी-१ मधून शिरतो, तरी मोलोनीमुळे थायमसमधल्या टी-पेशींचा कर्करोग होतो आणि फ्रेंडमुळे लाल पेशींच्या पूर्वजांचा. १९८०च्या दशकात एमआयटीत नॅन्सी हॉपकिन्स यांच्या गटानं दोघांच्या एलटीआरचे (विषाणूच्या डीएनएच्या टोकांवरचे, त्याची जनुकं चालू करणारे भाग) तुकडे अदलाबदल केले, तर रोगाचा प्रकारही बदलला. शिरकाव दारावर ठरतो. कुठल्या पेशीत रोग होणार, हे बरंचसं एलटीआरमधल्या छोट्या एन्हान्सरवर, म्हणजे कुठल्या पेशीत विषाणूची जनुकं जोरात चालणार ते ठरवणाऱ्या तुकड्यावर. पहिल्याच महिन्यात ते शोधनिबंध वाचा, मी फार उशिरा वाचले.

उंदीर मागवण्याआधी वाणाचं एफव्ही-१ जनुक तपासा; पेशीत शिरलेल्या विषाणूला अडवणारं हे उंदराचं जनुक, आणि त्याचे एन आणि बी हे मुख्य प्रकार. मोलोनी या दोन्ही प्रकारांच्या उंदरांत वाढतो, पण दुसरा विषाणू घेतलात तर चुकीच्या वाणात तो आत शिरूनही अडतो, आणि महिनाभराचं काम वाया जातं.