बालवाडीतल्या मुलांना ‘ई’ जीवनसत्त्व: आपल्या गोव्याच्या स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

“रोज मूठभर काजू खातो, हुमणात नारळाचा रस असतो, खोबरेलाची फोडणी असते. मग याला काय कमी पडणार?” फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कुठल्याही आजीच्या तोंडी हे वाक्य सापडेल. ‘ई’ जीवनसत्त्वाचा हिशेब नेमका इथेच चुकतो.

१०० ग्रॅम बदामांत हे जीवनसत्त्व सुमारे २५ मिलिग्रॅम असतं, शेंगदाण्यांत ८, आणि काजूत जेमतेम १. खोबरेल तेलात तर जवळजवळ नाहीच, तेवढ्याच सूर्यफूल तेलात मात्र ४० च्या आसपास. नारळ आणि काजू वाईट आहेत असं मुळीच नाही, ते ताटात राहूद्यात. फक्त ‘ई’साठी त्यांच्यावर विसंबू नका.

गरज तशी थोडीच असते. अमेरिकी शिफारशींप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज ६ मिलिग्रॅम, ४ ते ८ वर्षांच्या मुलाला ७. दिवसभराच्या भाजी-आमटीत मुलाच्या वाट्याला दोन छोटे चमचे सूर्यफूल तेल आलं की साडेतीन मिलिग्रॅमच्या पुढे जातो. त्यात पेजेबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि तीन-चार बदामांची पूड घातली की बराचसा पल्ला गाठला. उरलेलं तांबडी भाजी, अंडं, बांगडा यांतून मिळतं.

बदाम-शेंगदाणे अख्खे देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत दाणा अडकू शकतो, जीवावर बेतू शकतं. पूड किंवा कूटच द्या. पहिल्यांदा देताना अगदी थोडं द्या आणि अंगावर पित्त उठतंय का, ओठ सुजतायत का, ते पाहा.

मूल गुटगुटीत आहे म्हणून त्याचं तेल-तूप तोडणं हीसुद्धा चूक. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, जेवणात स्निग्ध नसेल तर आतड्यात नीट शोषलं जात नाही. आणि भजी तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका, उष्णतेने ‘ई’ नष्ट होतं. बाटलीही शेगडीजवळ, उन्हात ठेवू नका.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती कॅप्सूलची. केसांसाठी, त्वचेसाठी आईने आणलेली ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल फोडून मुलाच्या दुधात घालणं धोक्याचं आहे. औषधातून घ्यायची रोजची वरची मर्यादा १ ते ३ वर्षांसाठी २०० आणि ४ ते ८ वर्षांसाठी ३०० मिलिग्रॅम आहे. जास्त मात्रेने रक्त गोठण्यात अडथळा येतो.

खरी कमतरता निरोगी मुलांत क्वचितच दिसते. ती येते मुख्यतः चरबी न पचण्याच्या आजारांत: यकृत-पित्ताचा त्रास, सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट-चिकट करणारा जन्मजात आजार). शौच तेलकट आणि फार दुर्गंधीची होत असेल, कावीळ हटत नसेल, चालताना तोल जात असेल, तर आहार बदलत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, ते रक्त तपासून मात्रा ठरवतील.