जत्रेच्या दिवशीचं पण लिहा की: डाएटमध्ये जास्त खाल्लेल्या दिवसाची खरी नोंद कशी ठेवायची

डाएट करणाऱ्या कुणाचंही ॲप नाहीतर वही उघडून बघा, सोमवार ते शुक्रवार एकदम चकाचक असतं, दोन फुलके, वाटीभर डाळ, काकडी, ताक, सगळं वेळेसकट लिहिलेलं. शनिवारी दुपारपर्यंत पण चालतं. आणि मग संध्याकाळी कुणाच्यातरी घरी वाढदिवस असतो किंवा गावाकडं जत्रा असते आणि तिथनं पुढं वही कोरी, ती थेट सोमवारी सकाळी "ग्रीन टी, बदाम ५" पासून सुरू. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त पोटात गेलं नेमका तोच दिवस गायब! मग महिन्यानं काटा हलत नाही म्हणून आपण म्हणायचं की एवढं कमी खाऊन पण वजन उतरत नाही ओ माझं.

कमी लिहिणं हे काय फक्त आपल्याकडचं नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात कमी खाऊनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लोकांचं खाणं नीट मोजलं तर ते जेवढं खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. म्हणजे निम्मं खाणं हिशोबातच नाही. आणि ती माणसं खोटारडी होती असं नाही, माणूस असाच विसरतो, वाईट दिवस आधी विसरतो.

आता यात खरा तोटा कुठं होतो ते सांगते. समजा तुम्ही सांगलीत विश्रामबागेत कुठल्यातरी डाएटिशियनकडं जाताय आणि जायच्या आदल्या रात्री वही साफसूफ करून १५०० कॅलरीच्या आत बसवून नेता. ती बघणार, १५०० खाऊन वजन उतरत नाही, मग काय करणार, १३०० वर आणणार. म्हणजे रविवारचं मटण तुम्ही लपवलं आणि त्याची शिक्षा सोमवार ते शुक्रवारच्या भाकरीला! शुगरवाल्यांचं तर अजून वाईट, कारण वहीत गोड कुठंच नाही आणि रिपोर्टमध्ये शुगर वर, डॉक्टर गोळी वाढवायचा विचार करणारच की. त्यामुळं समोरच्याला बरं वाटावं म्हणून लिहायचं असेल तर लिहूच नका, उगा कागद कशाला खराब करायचा.

दुसरं म्हणजे आकडा लिहिला की भीती जाते, हे ऐकायला उलटं वाटतं पण हिशोब करून बघा. तुमचं वजन आहे तेवढंच ठेवायला रोज २००० कॅलरी लागतात असं धरू आणि तुम्ही खाताय १५००. सहा दिवस नीट पाळले तर ३००० ची बचत. सातव्या दिवशी जत्रेत ३४०० खाल्ले, म्हणजे १४०० जादा. तरी आठवड्याला १६०० शिल्लक राहिलेच. किलोभर चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे एवढा धिंगाणा घालून पण आठवड्याला २०० ग्रॅम कमीच झालं तुमचं. वाया काय गेलं नाही. पण तो ३४०० लिहिलाच नाही तर तुम्ही मनात ३५०० ची बचत धरून बसता, महिन्याला १८०० ग्रॅम उतरणार म्हणून वाट बघता, उतरतात ८०० आणि मग डाएटच बंद. वजन उतरत नाही म्हणून थायरॉईड तपासायचं असेल तर जरूर तपासा, पण डॉक्टरांपुढं वही ठेवाल ती खरी ठेवा.

बरं, आता लिहायचं कसं.

पहिली गोष्ट, जत्रेत ताट हातात असताना ॲप उघडून "मटण करी, होममेड" शोधत बसायचं नाही, ते होत नाही आणि चारचौघात बरं पण दिसत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकायचा, नाहीतर ताटाचा एक फोटो काढायचा, बास. हल्ली सगळेच ताटाचे फोटो काढतात त्यामुळं कुणी विचारत नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर दुसरा फोटो, हे मात्र विसरायचं नाही कारण खरी गंमत दुसऱ्या वाढपातच असते. पंगतीत तर आपल्या हातात काय नसतंच, "दाजी एवढं घ्याच की, आमच्या हातचं चालत नाही का" म्हणून मेव्हणीनं पळी उलटी केली की झालं. अशा वेळी हाडं ताटातच राहू द्यायची, बाजूच्या ताटलीत टाकायची नाहीत, उठताना हाडं बघितली की किती पीस झाले ते कळतंय. भाकरीचं सोपं आहे, अर्धी अर्धीच घ्यायची आणि अर्ध्या मोजायच्या.

रात्री झोपायच्या आधी बसून ते सगळं आकड्यात उतरवायचं. सकाळवर टाकलं की सकाळी निम्मं आठवत नाही, उरलेलं निम्मं आपण स्वतःच कमी करतो.

आकडे अंदाजे कसे धरायचे ते बघा. मटणाचं एक जेवण घेऊ. शिजलेलं बिनहाडाचं मटण १५० ग्रॅम, साधारण ३५० कॅलरी. दोन वाट्या तांबडा रस्सा, कट म्हणजे वर तेलाचा तवंग असलेला, जत्रेत असतो तसा, तर वाटीला एक मोठा चमचा तेल धराच, १५ एमएल तेलात १२० च्या वर कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या तेलाचे २४०. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्या ४६०. वाटीभर भात २००. झाले १२५०. हे फक्त दुपारचं. यात ॲपनं दाखवलेला "मटण करी एक वाटी" हा आकडा घेऊ नका, तो कुठल्या पातळ करीचा असतो देव जाणे, आपल्याकडच्या चुलीवरच्या रश्श्याचा नसतो. मटण वेगळं, तेल वेगळं, भाकरी वेगळी असं तोडून लिहिलं तर खऱ्याच्या जवळ जाता येतं.

आणि जिथं अंदाज येत नाही तिथं दोन आकडे काढायचे, कमीतला कमी आणि जास्तीतला जास्त, आणि जास्तीतलाच लिहायचा. कारण आपली चूक कायम एकाच बाजूला होते. कुणी कधी चुकून जास्त भजी लिहिली आहेत असं मी तरी ऐकलं नाही.

मोठ्या पदार्थांचं तसं माणूस लिहितो एकवेळ. सुटतं ते बारकं. सांगलीत राहून भडंग सुटणार नाही तुमचं, आणि भडंग म्हणजे चिरमुरेच की, हलकं असतं, असं म्हणून ते लिहिलंच जात नाही. त्यात शेंगदाणे आहेत, तेल आहे, ५० ग्रॅमची ताटली २२० ते २५० ला जाते. घरच्या द्राक्षाचे बेदाणे असतील तर ते येता जाता मूठभर तोंडात, घरचेच आहेत म्हणून मोजायचे नाहीत असा काहीतरी नियम आहे बहुतेक तासगाव भागात, पण ३० ग्रॅमला ९० कॅलरी घरच्या बेदाण्यात पण असतातच. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलात आणि बासुंदी खाल्ली, तर म्हशीचं आटवलेलं दूध आणि साखर, वाटीला ३०० च्या पुढं धरा. पेढा प्रसादाचा असला तरी पेढाच. पुरणपोळी मोठी असेल तर वरच्या तुपासकट ३५० ते ४००.

चहा तर विचारूच नका. म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा कप ११० च्या आसपास जातो आणि जत्रेत चार घरी गेलं की चार कप, नाही म्हणलं की राग. ४४० झाले, म्हणजे दोन भाकऱ्या जवळपास, आणि वहीत शून्य.

पुरुष मंडळींसाठी एक वेगळं, बायकांनो तुम्ही पुढं सरका हवं तर. रात्री टेरेसवर जे होतं ते पण खाण्यातच धरायचं. दारूत ग्रॅमला ७ कॅलरी असतात, साखरेत ४. व्हिस्कीच्या ३० एमएलला ७० च्या आसपास, ६० च्या पेगला १४०, स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ३०० ला जाते. आणि त्यापेक्षा जास्त सोबतच्या चकण्याचं असतं, १०० ग्रॅम तळलेले शेंगदाणे म्हणजे पावणेसहाशे. "घेतली पण जेवलो नाही" हा हिशोब चालत नाही.

वाटी आणि चमच्याचं एकदाच करून टाका. घरातली रोजची वाटी पाण्यानं भरा आणि ते पाणी औषधाच्या मापानं नाहीतर लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीनं मोजा. कुणाची १५० एमएलची निघते कुणाची २०० ची. ॲपमधली एक वाटी आणि तुमच्या सासूबाईंची पितळी वाटी यात फार फरक असतो, चमच्याचं पण तसंच, चहाचा वेगळा, पोह्याचा वेगळा.

तेलाचा अंदाज लागत नसेल तर उलटीकडनं जा, मला ही पद्धत सगळ्यात खरी वाटते. घरात महिन्याला किती तेल संपतं ते बघा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा जात असेल तर माणशी रोज ४१ एमएल पडतं, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी. आता तुमच्या ॲपमध्ये रोजचं तेल ९० दिसत असेल तर रोज अडीचशेची गळती आहे, ती पण साध्या दिवसांची, जत्रा बाजूलाच राहिली.

सगळ्यात अवघड क्षण कुठला असतो माहितीय का, पहिलं जादाचं खाल्लं तो. सकाळी ११ ला कुणीतरी मिसळ आणली, खाल्ली, आणि मग "आज गेलाच दिवस" असं म्हणून वही मिटली, एकदा वही मिटली की मग दुपारी जिलबी, संध्याकाळी भजी, रात्री आईस्क्रीम, कारण आजचं धरायचंच नाही असं ठरलेलं. मिसळीनं ५०० जादा केले असते, वही मिटल्यानं १५०० केले. म्हणून मिसळ तिथल्या तिथं लिहा. लिहिली की कळतं अजून दिवस हातात आहे, दुपारी भात सोडला तरी बरंच जमून जातंय.

लिहिताना शेरे मारायचे नाहीत. "चीट डे", "पाप", "आज पुन्हा माती खाल्ली" असलं काय नको. नुसतं पदार्थ, किती खाल्ला, किती कॅलरी. फारतर कुणासोबत होतो तेवढं लिहा, त्याचा पुढं उपयोग होतो. दोन महिन्यानं वही चाळली की दिसतं की आपण एकटे असताना कधीच जास्त खात नाही, एका ठराविक मित्रासोबत बसलो की खातो, किंवा माहेरी गेलो की खातो. मग काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माहेर काय सोडता येत नाही.

व्यायामाचं वजा करू नका. जत्रेत दोन तास फिरलो म्हणून घड्याळानं ६०० दाखवले आणि तेवढं मटण माफ, असं होत नाही. ७० किलोच्या माणसाला चालताना किलोमीटरला ५० च्या आसपास जातात. वरचं १२५० चं एक जेवण चालून जिरवायचं म्हणलं तर सांगलीहून निघून तासगावच गाठावं लागंल, पाळण्याभोवतीच्या दोन चकरांनी ते भागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहू नका, नाहीतर उभं राहा पण घाबरू नका. किलो दीड किलो जास्त दिसेल. ती चरबी नाही, मीठ आणि भात-भाकरीनं अंगात धरलेलं पाणी आहे आणि पोटात अजून कालचं आहेच. किलोभर चरबी चढायला ७७०० कॅलरी जादा खाव्या लागतात, तेवढं पैलवानाला पण जड जाईल. तीन चार दिवसात उतरतं ते. त्या दिवशी उपास करायचा नाही, नेहमीचे १५०० च खायचे. उपाशी राहिलं की संध्याकाळी ७ ला भडंगाचा डबा उघडलाच म्हणून समजा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकवायचंच नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच चालायचं.

आणि हे सगळं ज्यांना झेपतं त्यांच्यासाठी आहे. आकडा लिहिला की रात्रभर झोप लागत नाही, खाल्लेलं उलटी करून काढावंसं वाटतं, किंवा लिहायला लागेल म्हणून लग्नाला जाणंच बंद केलं, असं काही होत असेल तर ॲप काढून टाका आणि डॉक्टरांना भेटा. घरात वयात आलेली पोरगी असेल तर तिच्या हातात ही वही मुळीच देऊ नका.

राहता राहिलं, जत्रेतनं निघताना मामीनं डब्यात बांधून दिलेलं सुकं आणि रस्सा. ते सोमवारी फ्रिजमधनं काढून गरम करून खाल्लं की सोमवारच्याच पानावर लिहायचं. रविवारचंच मटण आहे ते, रविवारीच धरलंय असं म्हणणारे लोक मला माहिती आहेत.